लिंबू-मिरचीतला गिअर

केनवडच्या स्टँडवर मुन्नाचं सायकलचं दुकान आहे. गावातल्या सगळ्या दुकानांना असते तशी लिंबू-मिरची त्याच्याही दाराला टांगलेली असते. पण यंदाच्या आषाढापासून त्या दोऱ्यात, लिंबू आणि मिरच्यांच्या मधोमध, एक पत्र्याचा चिमटा ओवलेला होता. दर शनिवारी लिंबू नवं यायचं, मिरच्या नव्या यायच्या, चिमटा मात्र तोच. कोणी विचारलं की हे काय रे बाबा, तर मुन्ना हातातला पाना खाली ठेवून सगळी कथा सांगायचा. आणि कोणी नाही विचारलं तरी सांगायचा.

तो चिमटा म्हणजे वैजयंतीच्या सायकलीचा पुढचा गिअर होता.

वैजयंती गावची आशाताई. कोणाचे दिवस भरत आले, कोणाच्या बाळाचं वजन वाढत नाही, कोणाची लस राहिली, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असायचं. अकरा वर्षं तिनं गावात आणि वरच्या तांड्यावर हे काम पायी केलं, नाहीतर दिराच्या फटफटीवर मागे बसून केलं. आणि दिराची फटफटी म्हणजे आधी दिराची मर्जी, मग जावेचं तोंड, मग पेट्रोल. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पुण्याच्या भावानं आपल्या पोराची जुनी सायकल ट्रॅव्हल्सवर टाकून पाठवून दिली. पुढे तीन चकत्या, मागे सात, असे एकवीस गिअर. पहिल्याच दिवशी वैजयंती पदर खोचून तांड्याचा चढ न उतरता चढून गेली, आणि वर पोचल्यावर एकटीच हसत उभी राहिली. बेचाळिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा वाटलं, की आता कुठं जायचं तर कोणाला विचारायला नको.

सायकल वर्षभर गुणानं चालली आणि मग चेन घासायला लागली. पुढची चेन ज्या चिमट्यातून जाते, जो तिला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो, त्याच चिमट्याच्या पत्र्याला ती लागायची. पायडल मारलं की खर्र, खर्र, खर्र. थांबलं की गप्प. आशाताई येतेय हे गल्लीला ती दिसण्याआधी कळायला लागलं. पोट्ट्यांना काय, निमित्तच पाहिजे असतं. आठ दिवसांत तिचं नाव खरखरबाई पडलं, आणि ज्यांच्या जन्माची नोंद तिनं स्वतःच्या हातानं केली होती, तीच पोरं तिच्यामागे खर्र खर्र करत पळायला लागली.

गावात सायकलचा मिस्त्री एकच, मुन्ना. वैजयंती सायकल घेऊन त्याच्याकडे गेली. मुन्नानं सायकल उलटी केली. सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आभाळाकडे. इकडचा एकूण एक मिस्त्री सायकल अशी उलटी करूनच दुरुस्त करतो. मुन्नाचा बाप तशीच करायचा, त्याचं बघून मुन्नाही तशीच करतो. त्यानं हातानं पायडल फिरवलं. आवाज नाही. पुन्हा फिरवलं, गिअर बदलून फिरवलं, जोरात फिरवलं. चेन तेलासारखी गप्प. शेजारच्या चहाच्या हॉटेलातली माणसं कप घेऊन बघायला आली. अशा वेळी सरळ म्हणावं, की वैनी, मला यातलं कळत नाही, तुम्ही तालुक्याला, रिसोडला दाखवा. पण ते म्हणेल तो मुन्ना कसला. नाचता येईना अंगण वाकडं. तो उठला, फडक्यानं हात पुसले आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं बोलला.

"वैनी, आवाज सायकलीचा नाही. वजनाचा हाय. तुमी बसल्या का येते, तुमी उतरल्या का जाते."

हॉटेल फुटलं. एकाला हसताना चहाचा ठसका लागला, ते पाहून बाकीचे अजून हसले. दुकानाच्या पायरीवर मुन्नाची पोरगी निकिता पुस्तक घेऊन बसली होती, आठवीतली. तिनं पुस्तक तोंडासमोर धरलं. ती हसत होती की लपत होती, हे वैजयंतीला दिसलं नाही. तिनं तिलाही हसणाऱ्यांतच धरलं आणि सायकल हातानं ढकलत घरी आली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित ती विसरली असती. वैजयंतीच्या नाकावर राग असतो, पण तो फार वेळ टिकत नाही. पंधरा दिवसांनी खरखर इतकी वाढली की तिला नाइलाजानं पुन्हा त्याच दारात जावं लागलं. त्या दिवशी तिला मीटिंगला जायचं होतं. सायकल ठेवून जाते, नुसती बघून ठेवा, मला विचारल्याशिवाय काही काढू नका, असं बजावून ती जीपमध्ये बसली. दुपारी परत येऊन बघते तर चिमटा सायकलीवर नव्हताच. मुन्नानं पकडीनं वायर तोडली होती, चिमटा उपसून काढला होता, चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर चढवून ठेवली होती, आणि चिमटा लिंबू-मिरचीत ओवून दाराला टांगलाही होता. हॉटेलातली तीच माणसं तिच्या येण्याची वाटच पाहत होती.

"आता येते का आवाज?" मुन्नानं विचारलं.

चिमटा परत मागितला तर म्हणाला, राहू द्या तिथंच, गेरवाल्या सायकली इथं आणू नये हे लोकाइले समजलं पाह्यजे. चढावर काय करू म्हणून विचारलं तर म्हणाला, खाली उतरायचं, हातानं चेन लहान चकतीवर घालायची आणि जायचं, त्यात काय मोठं. वैजयंतीनं सायकल घेतली आणि चालायला लागली. राग फार झाला की तिला बोलताच येत नाही, हा तिचा जुना दोष आहे.

तिसऱ्या दिवशी तिला तांड्यावर जायचं होतं. सोनीबाईच्या सुनेला बाळ झालं होतं आणि सातव्या दिवसाची भेट होती. चढाच्या पायथ्याशी ती उतरली, मुन्नानं सांगितलं तसं हातानं चेन ओढून लहान चकतीवर घातली आणि वर गेली. दारात पोचल्यावर बादलीतल्या पाण्यानं हात धुतले. साबण लावला, माती लावली, पुन्हा साबण लावला. चेनचं काळं बोटांच्या रेघांत आणि नखांत जाऊन बसलं होतं, ते काही निघेना. ती वजनाची झोळी काढून बाळाकडे वाकली, तशी सोनीबाईनं बाळ उचलून छातीशी धरलं. बाई भांडकुदळ नव्हती. तिनं अगदी हळू सांगितलं.

"ताई, तूच शिकवलं ना आमाले, हात साफ नसन तं पोराले हात नाही लावायचा."

अकरा वर्षं वैजयंतीनं दारोदार हेच सांगितलं होतं. बाळंतिणीला सांगितलं, सासूला सांगितलं, म्हाताऱ्या दाईंशी त्यावरून भांडली. आणि आज तिच्याच हातांना एका आजीनं बाळ दिलं नाही, आणि आजीचं बरोबर होतं. झोळी सोनीबाईनं स्वतः अडकवली, वजन वैजयंतीनं लांबून वाचलं. उतारावर येताना तिला रडू आलं. डोळे पुसले तर तोंडालाही काळं लागलं.

घरी आल्यावर तिनं सासूला, गोजराबाईला, सगळं सांगितलं आणि शेवटी एक वाक्य बोलली, की तो चिमटा ज्या हातानं टांगला त्याच हातानं खाली येईल, आणि त्याच लोकांसमोर येईल. नवरा गणेश ट्रॅक्टरवर असतो, स्वभावानं गरीब माणूस. तो म्हणाला, मी जाऊन मागून आणतो, एवढ्यासाठी कायले डोक्यात राख घालायची. वैजयंतीनं त्याला मध्ये पडायचं नाही म्हणून सांगितलं. गोजराबाई सुनेच्या हातांवर खोबरेल तेल ओतून चोळत बसली. तेलानं मात्र काळं निघालं.

आणि मग सुरू झालं. वैजयंती रिसोडला गेली आणि शिखरचंदांच्या सायकल पार्टच्या दुकानातून नवा चिमटा आणि वायर घेऊन आली. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, बसवणार कोण, तर ती म्हणाली, मीच. अंगणात सायकल उलटी केली, मोबाइल माठाला टेकवून ठेवला, आणि हिंदी बोलणारा एक माणूस सांगेल तसं करत गेली. चिमटा मोठ्या चकतीच्या वर नेमका किती उंच बसवायचा, वायर किती ओढायची, चिमट्यावरच्या दोन बारीक पेचांपैकी कोणता चेनला आतल्या बाजूनं अडवतो आणि कोणता बाहेरच्या, हे सगळं शिकली. पायडल हातानं फिरवलं. गप्प. आनंदानं सायकल सरळ केली, वर बसली, दोन पायडल मारले. खर्र, खर्र.

आठ दिवस हेच चाललं. उलटी केली की गप्प, बसली की खर्र. एकदा रागाच्या भरात बाहेरचा पेच नको इतका सोडला तर चेन चकतीवरून बाहेरच पडली आणि वैजयंती सायकलीसकट गोठ्याच्या दाराशी आडवी झाली. त्या आठ दिवसांत तिनं मुन्नाला मनातल्या मनात किती वेळा काय काय केलं, ते लिहिण्यासारखं नाही. भाजी चिरताना मुन्ना, कपडे आपटताना मुन्ना. गणेशचे दोन शर्ट तिनं तेवढ्यात फाडले.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती उलट्या सायकलीपुढे बसून पायडल फिरवत होती. सायकल गप्प होती आणि डोक्यात मुन्नाचं वाक्य फिरत होतं. ते रोजच फिरायचं, रोज शिवीसारखं लागायचं. त्या दिवशी फिरवता फिरवता तिचा हात थांबला. बसल्या का येते, उतरल्या का जाते. अरे, पण हे तर खरंच आहे. सायकल उलटी असते तेव्हा तिच्यावर कोणी बसलेलंच नसतं, मग आवाज येणार कसा? मेला चेष्टा करायला गेला आणि खरं बोलून गेला, आणि त्याचं त्यालाही कळलं नाही.

तिनं सायकल सरळ केली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना विटा रचल्या आणि त्यांवर चाकाचे नट टेकवले, म्हणजे चाक जमिनीपासून वर राहिलं. मग सासूला हाक मारली. गोजराबाई अडुसष्ट वर्षांची, पण निंदणाच्या दिवसांत अजून पिकाच्या तासात सगळ्यांच्या पुढे असते, आणि वजनालाही सुनेच्या जोडीची. तिनं आयुष्यात सायकलीला हात लावला नव्हता. गण्याले सांगायचं नाही, एवढी एकच अट घालून तिनं लुगड्याचा काचा आवळला आणि ओसरीचा खांब धरून सीटवर चढली.

वैजयंती जमिनीवर आडवी झाली, गाल पायडलपाशी. मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा, म्हणजे जोर लागेल, आणि मारा पायडल, असं तिनं सांगितलं. म्हातारीनं जोर लावला. खर्र, खर्र. आणि वैजयंतीला दिसलं. पाय दाबला की मोठी चकती वजनानं केसभर झुकायची आणि चेन चिमट्याच्या बाहेरच्या पत्र्याला लागायची. पाय उचलला की चकती पुन्हा सरळ. मुन्नानं शंभर वर्षं सायकल उलटी करून पायडल फिरवलं असतं तरी त्याला हे दिसलं नसतं. तिनं बाहेरचा पेच पाव आटा, म्हणजे पाव फेरा, सोडला, वायर थोडी ओढली. खर्रचं खर झालं. मग तेही गेलं.

गोजराबाई पायडल मारतच होती. तिनं विचारलं, थांबू का. वैजयंती म्हणाली, नका थांबू. थोडा वेळ अंगणात नुसतं चाक फिरल्याचा आवाज येत राहिला, आणि वैजयंती तशीच मातीत पडून तो ऐकत राहिली.

"वैजयंते," वरून सासू म्हणाली, "आता त्या मुन्न्याले सोडू नको."

पुढच्या बाजारच्या दिवशी मुन्नाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली वैजयंती जाऊन बसली. सोबत विटा, पेचकस, पक्कड आणि एक फडकं. ज्याच्या गिअरच्या सायकलीची चेन घासते त्यानं यावं, पैसे लागणार नाहीत, असं तिनं गावभर सांगितलं होतं. हल्ली शाळेतल्या निम्म्या पोरांकडे गिअरच्या सायकली आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या खरखरतात. आधी दोन आली, मग रांग लागली. सायकलवाल्याला ती विटांवरच्या सीटवर बसवायची, ब्रेक धरून पायडल मारायला सांगायची आणि स्वतः पदर आडवा घेऊन खाली वाकायची. पदराआड तिचा हात काय करतो ते सीटवरच्याला दिसायचं नाही, रस्त्यापलीकडच्याला तर नाहीच. आवाज गेला की तिची एकच अट असायची. सायकल चालवत मुन्नाच्या दारात जायचं, उतरायचं आणि अदबीनं विचारायचं, मुन्नाभाऊ, आता येते का आवाज.

पहिल्या बाजारी नऊ जणांनी विचारलं. पहिल्या दोघांना मुन्नानं हसून उत्तर दिलं. पाचव्यापासून तो मान वर करेना. नवव्या पोरानं, उत्तर आलं नाही म्हणून, पुन्हा विचारलं. हॉटेलातली माणसं तीच होती, चहाही तोच होता, आता ती मुन्नाकडे बघून हसत होती. हसणाऱ्याला काय, त्याला कोणीही चालतं.

दुसऱ्या बाजारी शेजारच्या रिठद गावाहूनही दोघं आले. मुन्नानं हळूच दुकानात विटा आणल्या आणि तसंच करून पाहिलं. पण मालकाला सीटवर बसवणं त्याला नुसता नखरा वाटला. त्यानं विटांवर सायकल ठेवली आणि बापानं शिकवल्याप्रमाणे शेजारी उकिडवं बसून हातानं पायडल फिरवलं. सायकल गप्प. गिऱ्हाइकानं घरी नेली की खर्र. मग त्यानं गणेशला गाठून निरोप दिला, की चिमटा कागदात गुंडाळून देतो, वैनीला म्हणावं झालं गेलं सोडा. वैजयंतीचं उत्तर ठरलेलं होतं. ज्या हातानं टांगला त्या हातानं, आणि त्याच लोकाइपुढं. मुन्नालाही पीळ होताच. पुढच्या शनिवारी त्यानं चिमट्याच्या वर एकाऐवजी दोन लिंबं लावली.

पोळा झाला. गावातल्या सगळ्या गिअरच्या सायकली गप्प झाल्या, एक सोडून. मुन्नाच्या निकिताची. मागच्या दिवाळीत बापानं हौसेनं घेऊन दिलेली, लाल रंगाची. आधी पाच-पन्नास खरखरीत तिची एक खपून जायची. आता अख्ख्या शाळेत ती एकटीच वाजायची, आणि तीही कोणाची, तर सायकल मिस्त्रीच्या पोरीची. पोरांनी खरखरबाई हे नाव वैजयंतीवरून उचललं आणि निकितावर ठेवलं. वैजयंतीनं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एका घराच्या दारात गोळ्या देत होती. रस्त्यावरून पोरगी मान खाली घालून गेली, मागे चार-पाच जण खर्र खर्र करत. वैजयंतीला गोड वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, फार गोड वाटलं. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

त्यानंतर चार दिवसांनी शाळा सुटल्यावर निकिता तिच्या अंगणात येऊन उभी राहिली. सायकल हातात धरून, चालत आली होती. वैजयंती ओसरीवर बसून लसीकरणाची कार्डं लावत होती. काय काम म्हणून विचारलं तर पोरगी म्हणाली, काकू, माह्या सायकलीचं पाह्यसान का. वैजयंतीनं वर न बघता सांगितलं, की तुझा बाप मिस्त्री आहे, त्याला सांग.

"बाबा म्हनते चिमटा काढून टाकतो. मी नाही काढू देत." मग पोरगी म्हणाली, "मी तवा हासली नव्हती, काकू. मी पुस्तकात तोंड घातलं होतं."

वैजयंतीच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. उठावं, विटा लावाव्या, पाच मिनिटांचं काम आहे, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दाराला टांगलेला चिमटा डोळ्यांपुढे आला, त्यावरची दोन लिंबं आली, सोनीबाईनं छातीशी धरलेलं बाळ आलं.

"बाजारच्या दिवशी ये," ती म्हणाली. "बापाले घेऊन ये."

निकितानं सायकल वळवली आणि आली तशी चालत गेली. गोजराबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली, दाराला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, पोरीनं काय केलं वो तुयं. म्हातारी सहसा सुनेला बोलत नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. एका पोरीचा सूड घेण्याइतकी आपण खाली आलो, याचा तिला स्वतःचाच राग आला, आणि सवयीप्रमाणे तिनं तोही मुन्नावर ढकलला.

बाजारच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला, स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, मुन्ना दुकानातून स्टूल घेऊन बाहेर आला. त्यानं ते दारात ठेवलं आणि वर चढला. हॉटेलातली माणसं कप घेऊन उठली. मुन्नानं दोरा तोडला, मिरच्या आणि लिंबं बाजूला केली, चिमटा काढून हातात घेतला. मग शर्टाच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली आणि रस्ता ओलांडून आला. मागे निकिता लाल सायकल ढकलत होती. त्यानं चिमटा वैजयंतीच्या फडक्यावर ठेवला.

"घ्या वैनी," तो म्हणाला. "पोरगी तीन दिवस झाले शाळेत पायी जाऊन राह्यली. माह्याशी बोलत नाही."

या घडीसाठी वैजयंतीनं अडीच महिने वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. भांडी घासताना केलेली होती, तांड्याच्या चढावर केलेली होती, एकापेक्षा एक जहरी. आता त्यांतलं एकही आठवेना. तिनं निकिताची सायकल विटांवर चढवली आणि मुन्नाला सांगितलं, बसा. त्यानं विचारलं, मी? ती म्हणाली, तुमीच.

मुन्ना अंगानं थोराड. पोरीच्या लहानशा लाल सायकलीवर तो बसला तेव्हा त्याचे गुडघे हँडलला लागले. सगळा बाजार बघत होता. ब्रेक दाबा आणि मारा पायडल, असं वैजयंतीनं सांगितलं. त्यानं मारलं. खर्र, खर्र, खर्र. इतकी मोठी खरखर तिच्या सायकलीनंही कधी केली नव्हती.

"मुन्नाभाऊ," वैजयंती म्हणाली, आणि आता तिचा आवाज हॉटेलपर्यंत गेला, "आवाज सायकलीचा नाही. वजनाचा हाय."

माणसं हसली. मुन्ना खाली मान घालून हसू संपायची वाट पाहत राहिला.

"हसू नका, मी चेष्टा नाही करून राह्यली," ती त्या माणसांना म्हणाली, आणि पुन्हा मुन्नाकडे वळली. "हे तुमचंच सांगनं हाय. तुमी म्हनलं, बसल्या का येते, उतरल्या का जाते. त्याच्यावरूनच मले समजलं. तुमी नसतं सांगतलं तं मी अजून सायकल उलटी करूनच बसली असती."

मुन्नाचा पाय थांबला. त्यानं खाली विटांकडे पाहिलं, अधांतरी फिरणाऱ्या चाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या दाबलेल्या पायाकडे पाहिलं. बावीस वर्षं तो सायकली उलट्या करत आला होता. खरं कारण एकदा त्याच्या स्वतःच्या तोंडून निघालं होतं, आणि त्यानं ते चार लोकांना हसवायला उडवून टाकलं. त्याच्या चेहऱ्यावर हे सगळं एकामागून एक येताना वैजयंतीनं पाहिलं. चिमटा हातात आला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं समाधान तिला आत्ता वाटलं, आणि ते तिनं पुरेपूर घेतलं.

तो सायकलीवरच्या चिमट्याकडे वाकायला लागला, तशी ती म्हणाली, खाली पाहू नका, पायडल मारा. मग तिनं पदर आडवा घेतला. घेता घेता तिचं लक्ष निकिताकडे गेलं. पोरगी बापाकडे बघत नव्हती, लोकांकडेही नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी होती.

वैजयंतीनं पदर थोडा वर उचलला आणि तिला आत बोलावलं. ती खाली बसल्यावर तिचं डोकं धरून चकतीच्या रेषेत आणलं आणि कानात सांगितलं, कुठं बघायचं. पोरीनं बघितलं. पाय दाबला की चकती झुकते, उचलला की सरळ होते. तिचे डोळे मोठे झाले. वैजयंतीनं पेचकस तिच्या हातात दिला, बाहेरच्या पेचावर टेकवला आणि पुन्हा कानात सांगितलं, पाव आटा, जास्त नाही, जास्त सोडला तर चेनच बाहेर येते. निकितानं जीभ दातांत धरून पेच फिरवला. खर्रचं खर झालं. वायर थोडी ओढली. तेही गेलं.

"काय केलं वो, निके?" वरून मुन्नानं विचारलं. "कोनता पेच फिरवला?"

तीन दिवसांत पहिल्यांदा पोरीनं बापाकडे पाहिलं. मग वैजयंतीकडे वळली.

"सांगू का, काकू?"

वैजयंतीनं आपला जुना चिमटा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली आणि पिशवीत टाकला.

"सांग ना," ती म्हणाली. "दिवाळी झाल्यावर."

मुन्ना तसाच पायडल मारत राहिला. थांबा, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.